कॉइल गुंडाळायला कोण शिकवणार?

रंधासरांचं खरं नाव कॉलेजच्या पगारपत्रकाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. वस्तू कशा घडवायच्या हे शिकवणाऱ्या त्या कॉलेजात लाकडाची कार्यशाळा त्यांच्या ताब्यात होती. बोलता बोलता त्यांचा तळहात टेबलाच्या कडेवरून फिरत राहायचा. कुठे खडबडीत लागलं तर आत्ताच्या आत्ता सरळ करून टाकतील असा. कुठल्याशा जुन्या तुकडीनं त्यावरून हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. शेजारच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या त्यांच्या बायकोला मुलं कथीलबाई म्हणत, कारण बाई कधीही जवळून गेल्या तरी वितळलेल्या कथलाचा धुरकट वास यायचा. दोघांना आपापली नावं माहीत होती. घरी खटका उडाला की ती कामालाही यायची. बाई म्हणत, "जरा जिभेवर रंधा मार," आणि सर म्हणत, "तू आधी सोल्डरिंगचा प्लग काढ, फार तापलीस."

त्यांची गाठ पडली ती रेडिओमुळे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आधी टेबलावरचा दिवा करायला देत. सगळ्यांचे दिवे सारखेच व्हायचे आणि वर्ष संपलं की कार्यशाळेच्या माळ्यावर धूळ खात पडायचे. दोघंही तेव्हा नोकरीत नवे होते. विभागाच्या बैठकीत सरांनी सुचवलं की मुलांना चांगल्या जोडकामाचं खोकं करायला लावू. कोपऱ्यातून बाई म्हणाल्या, "खोक्यात काहीतरी असू दे की." सगळे हसले. सरांना राग आला, आणि दोन दिवसांनी ते स्वतःच इलेक्ट्रॉनिक्सच्या खोलीत जाऊन दारात उभे राहिले. "काय असू दे?" त्यांनी विचारलं. बाईंनी मान वर न करता सांगितलं, "रेडिओ."

बाकी सगळं त्यानंतर ठरत गेलं. रेडिओ लोकांसाठी करायचा नाही, एका माणसासाठी करायचा, ही अट बाईंची. प्रत्येक मुलानं एक खरा माणूस शोधायचा, त्याच्याजवळ बसायचं, तो कसा उठतो, कसा काम करतो, त्याचे हात कुठे असतात हे बघायचं आणि मग त्याला शोभेल असा रेडिओ आखायचा. बोटं वाकलेल्या एका आजीसाठी कुणी बरणीच्या झाकणाएवढं बटण केलं. न्हाव्यासाठी कुणी आरशाच्या मागे बसणारा रेडिओ केला, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं की आरसाच बोलतोय. एकानं एका कानानं ऐकू न येणाऱ्या वडिलांसाठी स्पीकर कडेला बसवला आणि वर्षभर सगळ्यांना सांगत फिरला की माझे वडील डाव्या बाजूचे आहेत. बाहेरचं अंग सरांचं, आतला जीव बाईंचा.

वर्ष सुरू होण्याआधी या कामाची आखणी व्हायची. कार्यशाळेची एक भिंत त्यासाठी मोकळी ठेवलेली असे. तिच्यावर कागदाचे तुकडे चिकटवत दोघं आठवडे लावत जायचे: माणूस शोधणं, चित्रं, पुठ्ठ्याचा नमुना, सर्किट, लाकूड, जुळणी, शेवटी परीक्षा. पहिल्या वर्षी स्पीकरची जाळी कापायची आधी की सर्किट बसवायचं आधी यावरून दोघं इतकं भांडले की शिपाई चहा घेऊन आला तो दारातूनच परत गेला. दुसऱ्या वर्षीची आखणी संपली त्या संध्याकाळी सरांनी बाईंना लग्नाचं विचारलं. बाईंनी हातातला कागद भिंतीवर चिकटवला आणि म्हणाल्या, "कुठल्या आठवड्यात बसवू?"

मूल झालं नाही. त्याबद्दल दोघांनी एकमेकांना कधी बोल लावला नाही. कॉलेजात सर आणि मॅडम, तुम्ही-आम्ही. फाटकाबाहेर पडलं की अरे-अगं. दर वर्षी नवी मुलं यायची, रेडिओ करायची आणि जायची.

मग सरांची आई राहायला आली. आल्यावर काही महिन्यांतच न्हाणीघरात पडली आणि पुन्हा चालली नाही. तिचं सगळं अंथरुणात. सर उचलायला, कुशीवर वळवायला असायचे, पण पुसणं, भरवणं, रागावणं आणि समजूत घालणं हे बाईंकडे आपोआप आलं. कुणी वाटून दिलं नव्हतं. याच काळात दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्यानं बाईंना बोलावलं. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी यंत्रं करणारा कारखाना होता, आणि नव्या यंत्रांची आखणी करणाऱ्या विभागात त्यांना बाई हव्या होत्या. बाईंनी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. आनंद झाला की त्यांचं तसं व्हायचं.

"छानच आहे," सर म्हणाले. "पण आईचं असं असताना..."

"हो ना," बाई म्हणाल्या.

मधे बरीच वर्षं गेली आणि पुन्हा एकदा बोलावणं आलं. पुन्हा तेच झालं. सरांनी कधी 'नको' म्हटलं नव्हतं. त्यांनी 'आत्ता नको' म्हटलं होतं, आणि या दोहोंत फरक आहे असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

आई गेली ती झोपेतच गेली. शेवटच्या काही दिवसांत तिला मुलगा ओळखू येत नव्हता, पण सुनेचा हात सोडत नव्हती. नातेवाईक येऊन गेले, पलंग दुमडून झाला, खोली धुऊन निघाली. पुढच्याच आठवड्यात सर कार्यशाळेतून सागाच्या फळ्या टेम्पोत घालून घरी घेऊन आले आणि आईच्या खोलीत त्यांची चळत लावली. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या, हवा खेळावी म्हणून. घामाघूम झाले होते आणि खुशीत होते.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "इथे लाकूड?"

"इथे ऊन थेट येत नाही, वारा मात्र येतो. बघ, काय सुरेख वाळेल."

"बरं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या वर्षीच्या आखणीला दोघं नेहमीसारखे भिंतीपुढे उभे राहिले. सुट्टी चालू होती, कॉलेज रिकामं होतं, भुशाचा वास होता. माणूस शोधण्याचे आठवडे लागले. पुठ्ठ्याच्या नमुन्याचे लागले. सर्किटची जागा आली तेव्हा बाईंनी एकच कागद चिकटवला. त्यावर लिहिलं होतं: तयार पट्ट्यांचं वाटप.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"तयार मिळतात आता. सगळा रेडिओ एका पट्टीवर. मुलांनी स्पीकर, बटण आणि सेल जोडले की झालं."

"आणि कॉइल?"

"त्यातच असते."

सर भडकले. "म्हणजे मुलांनी कॉइल गुंडाळायचीच नाही? तुम्हीच म्हणता ना, की स्वतः गुंडाळलेल्या तारेतून पहिल्यांदा आवाज आला की पोरं रडायची तेवढी बाकी राहतात? ते सगळं काढून टाकायचं? मग रेडिओ तरी कशाला करायचा? नुसती खोकी करू. नाहीतर लाकूडही तयारच मागवा. मुलांनी येऊन फक्त हजेरी लावावी!"

बाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं. "झालं?"

"नाही झालं. कॉइल राहणार."

"राहू दे की. गुंडाळायला कोण शिकवणार?"

"कोण म्हणजे? तू."

बोलून झाल्यावर सरांना जाणवलं की आपण कॉलेजात 'तू' म्हटलं. बाईंच्या ते लक्षातही आलं नसावं. कागद निघत होता, त्याच्यावर त्या अंगठा दाबून धरून होत्या.

"मी नसणार आहे," त्या म्हणाल्या.

सरांना आधी वाटलं रजा. मग वाटलं दुखणं. बाईंनी सांगितलं की कारखान्यानं पुन्हा विचारलं आणि या वेळी त्यांनी होकार कळवला. सर म्हणाले, चांगलं केलंस, वर्षभर राहून ये, मी येत जाईन सुट्टीत. बाईंनी मान हलवली.

"मी परत यायचं ठरवून जात नाहीये."

"म्हणजे नोकरी सोडतेस इथली."

"नोकरी. आणि घर."

कुठेतरी नळ गळत होता. सरांना वाटलं, तो आधी जाऊन बंद करावा.

"कधी ठरवलंस?" त्यांनी विचारलं.

"ठरवलं नंतर. तू फळ्या आणल्यास त्या दिवशी एवढंच कळलं की तू मला विचारणार नाहीस."

"काय विचारायचं होतं मी?"

"‘आता काय करूया?’ एवढंच. आई गेल्यावर एकदा तरी विचारशील असं वाटलं होतं. मी वाट बघत होते रे. इतकी वर्षं मला वाटायचं की तू फक्त थांबायला सांगतोयस."

"फळ्या आजच हलवतो. घरी गेल्या गेल्या."

"फळ्यांचं नाहीये," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी मनगटानं डोळे पुसले, दुसरा कागद उचलला आणि विचारलं, "जुळणीला एक आठवडा पुरेल का? लाकूड उशिरा आलं तर?"

सर म्हणाले, "दीड धर."

आणि दोघांनी मिळून उरलेली आखणी पुरी केली. यावर कुणाचा विश्वास बसला नसता, पण झालं असं. शेवटचा कागद लागला तेव्हा बाईंनी नेहमीप्रमाणे मागे सरकून सगळी भिंत एकदा बघितली. तेव्हा सरांच्या ध्यानात आलं की ही सबंध भिंत एकट्या माणसाला चालवता येईल अशी आखली आहे. बाईंनी प्रत्येक आठवड्यातून स्वतःला काढून घेतलं होतं, आणि तेही कुठे भोक न राहू देता.

फळ्या त्यांनी त्याच संध्याकाळी बाहेर काढल्या. ठेवायला जागा नव्हती म्हणून बोळकांडीत लावल्या. बाई घर सोडून जाईपर्यंत दोघांनाही त्या ओलांडून स्वयंपाकघरात जावं लागे. एकदा बाईंच्या पायाला ठेच लागली. सरांनी ती फळी जरा भिंतीकडे सरकवली.

जाण्याच्या दिवशी सर बॅगा घेऊन बसपर्यंत गेले. गॅसचा पाइप बदलायला झालाय, गच्चीवरची टाकी महिन्यातून एकदा धुवायची, बँकेत सही तुझी एकट्याची चालेल, असं बाई सांगत होत्या. सर हो हो करत होते. बस हलली तेव्हा बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. निरोपाला नव्हे, काच सरकवायला. काच अडकली होती. सरांनी बाहेरून ढकलून दिली.

वर्ष सुरू झालं. प्राचार्य म्हणाले की बाईंची जागा एवढ्यात भरता येणार नाही, तयार पट्ट्या आल्यात ते बरंच झालं. सरांनी पट्ट्यांची पेटी कपाटात टाकली, कपाटाला कुलूप घातलं आणि वर्गात जाऊन सांगितलं की कॉइल गुंडाळायची आहे.

त्यात शहाणपण किती आणि हट्ट किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. लाकडाचा केसाएवढा पातळ पापुद्रा काढणारा त्यांचा हात तांब्याच्या तारेपुढे अगदी मुर्दाड ठरला. तार तुटायची, नाहीतर वेढे एकमेकांवर चढायचे. कॉलेज सुटल्यावर ते बाईंच्या खोलीत जाऊन बसत. बाईंच्या टेबलाची उंची त्यांना कमी पडायची. ही उंची त्यांनी स्वतःच बाईंसाठी कापून केली होती, आता कमरेत वाकून बसताना ते त्यांच्या लक्षात आलं.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे प्रश्नावली म्हणत, कारण तिचं कुठलंही वाक्य प्रश्नचिन्हानंच संपायचं. तिनं स्वतःच्या मावशीची निवड केली होती. मावशी कपड्यांना इस्त्री करून पोट भरत असे. दिवसभर एका हातात इस्त्री, दुसरा हात कपड्यावर, म्हणजे बटण फिरवायला हातच मोकळा नाही.

"मग कोपरानं लावता आला तर? कोपरानं ढकलायची पट्टी असली तर चालेल का? ती डाव्या कोपरानं दार लावते, मी बघितलंय. सर, लाकडाची पट्टी तुटेल का?"

"शिसवीची कर, नाही तुटणार," सर म्हणाले, आणि त्या वर्षात ते पहिल्यांदाच थोडे हसले.

खोकी सुरेख झाली. रेडिओ मात्र एकही बोलेना. सगळे नुसते गुणगुणायचे, भिंतीत माशी अडकल्यासारखे. मुलांनी वेढे मोजले, उलगडले, पुन्हा गुंडाळले. कुजबूज सुरू झाली की सरांच्या कपाटात तयार पट्ट्या आहेत म्हणे. प्रश्नावली थेट येऊन म्हणाली, "सर, आपण मॅडमना का विचारत नाही?"

बाकीचे माना खाली घालून तारा गुंडाळायला लागले. मुलांना सगळं माहीत असतं.

सरांनी दुपारच्या सुट्टीत फोन लावला. पलीकडे यंत्रांचा आवाज होता. बाई बाहेर कुठेतरी आल्या असाव्यात, कारण आवाज हळूहळू मागे पडला. सरांनी सगळं सांगितलं: तार कुठली, वेढे किती, कुठे काय जोडलंय.

"तारेची टोकं खरवडली होती ना?" बाईंनी विचारलं.

"टोकं?"

"अरे, त्या तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो. तो खरवडल्याशिवाय कथील नुसतं वर बसतं, वीज कशी जाईल?"

सरांनी जवळची एक कॉइल उचलून तिचं टोक नखानं खरवडून बघितलं. मग पलीकडून बाई हसायला लागल्या. "रंधासर! आणि खरवडायचं विसरले!" त्या हसत राहिल्या, अगदी खोकला येईपर्यंत. सर फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होते. तेही हसले, थोडं उशिरा.

दुपारनंतर मुलांनी ब्लेडनं टोकं खरवडली आणि एकामागून एक रेडिओ बोलू लागले. एकावर बातम्या, एकावर कुणीतरी गात होतं, एकावर शेतीची माहिती. मुलं बाकांवर चढून ओरडत होती. प्रश्नावलीनं सरांचा हात धरून नाचायचा प्रयत्न केला. सर बाहेर व्हरांड्यात गेले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

त्यानंतर ते फोन करू लागले. आज स्टेशन बदलायचा गँग अडकतोय, काय करू? आज स्पीकर फाटल्यासारखा वाजतोय. बाई नेटकं उत्तर द्यायच्या. खरं तर गँग अडकत नव्हता आणि स्पीकरही ठीक होता. सर आदल्या दिवशी बसून अडचणी शोधून काढत. एकदा त्यांनी सेलच्या स्प्रिंगबद्दल विचारलं तेव्हा बाईंनीच उलट विचारलं.

"सगळे रेडिओ चालू आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

"मुलं आठवण काढतात तुझी."

"असं नको करूस रे," बाई हळूच म्हणाल्या. "फोन वाजला की मला वाटतं खरंच काहीतरी अडलंय. मी हातातलं टाकून धावत येते."

त्या दिवसापासून सरांनी फोन करणं बंद केलं. एकदाच हात फोनकडे गेला होता, गॅसचा पाइप बदलला तेव्हा. तो सांगण्यासारखा विषय होता. पण नाही केला.

वर्षाच्या शेवटी परीक्षेला बाहेरचा परीक्षक लागतो. प्राचार्यांनी बाईंनाच बोलावलं. त्यांचा हेतू चांगला होता. दोघांना एकत्र आणायचं पुण्य आपल्या पदरात पडेल असं त्यांना वाटलं असावं. सरांना सकाळी कळलं. ते घरी जाऊन शर्ट बदलून आले.

बाई आल्या तेव्हा त्यांचे केस आखूड होते. चष्मा नवीन होता. अंगानं थोड्या उतरल्या होत्या, पण पाठ सरळ झाली होती, कित्येक वर्षं कुणाच्या तरी अंथरुणावर ओणवं राहणाऱ्याची असते तशी वाकलेली राहिली नव्हती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्गात त्या सरांना 'सर' म्हणाल्या, ते ठीकच होतं. पण मग जिन्याजवळ दोघंच समोरासमोर आले आणि बाईंनी विचारलं, "सर, प्यायचं पाणी हलवलं का कुठे?"

"हो. आता कार्यालयाच्या मागे आहे," सर म्हणाले. "चला, दाखवतो." त्यांनीही 'चला'च म्हटलं.

प्रश्नावलीची मावशी स्वतः आली होती, इस्त्रीच्या कामाला सुट्टी घेऊन. तिला खुर्ची दिली तरी ती उभीच राहिली. बसून ऐकायची सवय नाही म्हणाली. तिनं डाव्या कोपरानं पट्टी ढकलली आणि रेडिओ लागला. परत ढकलली, बंद झाला. मग तिला त्यात मजाच वाटायला लागली. "आता हिला घरी नेऊन कोपरानं स्वयंपाक शिकवते," ती भाचीकडे बघून म्हणाली आणि सगळे हसले. बाई सगळ्यांत जास्त हसल्या. मग त्यांनी रेडिओची पाठ उघडली, आत वाकून बघितलं. वेढे एकाला एक लागून, एकसारखे बसलेले होते.

"कॉइल कुणी शिकवली?"

"सरांनी?" प्रश्नावली म्हणाली. सवयीनं तेही तिनं विचारल्यासारखंच म्हटलं.

बाईंनी मान वर करून सरांकडे पाहिलं. सरांना वाटलं, आता. काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण आता. बाईंचे कान लाल झाले होते. मग त्यांनी पाठ पुन्हा बसवली, स्क्रू हातानंच फिरवून घट्ट केला आणि म्हणाल्या, "चांगली आहे. पुढचा रेडिओ कुणाचा?"

संध्याकाळी सर त्यांना सोडायला निघाले. वाटेत ते म्हणाले, "आईची खोली रिकामीच आहे. तिथे काही ठेवलं नाही मी."

"मला तिकडे कारखान्याजवळ बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "एकच खोली आहे. सकाळी उठते तेव्हा कुणाचं काही करायचं नसतं. आधी भीती वाटायची. आता डोळे उघडून पडून राहते थोडा वेळ."

"मी बदलेन असं म्हटलं तर?"

"तू वाईट कुठे होतास बदलायला? तू चांगलाच होतास. म्हणून तर इतकी वर्षं गेली."



पुढच्या सुट्टीत दोघांनी राजीखुशीनं वेगळं व्हायचा अर्ज केला. त्याची तारीख पडली तेव्हा एका लांबट खोलीत बाकावर शेजारी शेजारी बसावं लागलं. आजूबाजूच्या बाकांवर माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. फक्त हे दोघंच पाण्याची एक बाटली आळीपाळीनं पीत होते. कारकुनानं त्यांना पुढे बोलावलं, कागद चाळले आणि विचारलं, "कारण?"

बाई बाटलीचं झाकण लावत राहिल्या, तसं कारकुनानंच पुढे विचारलं,

"मारहाण, व्यसन, असलं काही?"

"छे," दोघं एकदम म्हणाले.

"मग स्वभाव जुळत नाहीत असं लिहितो," कारकून म्हणाला आणि लिहू लागला.

"जुळत होते," सर म्हणाले.

कारकुनानं पेन थांबवलं. चष्म्यावरून आधी सरांकडे बघितलं, मग बाईंकडे. "मग काय लिहू?"

सरांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला होता. बाईंनी त्या हाताकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. "लिहा तेच," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. कारकुनाला अशा गोष्टींची सवय असावी. त्यानं लिहून पुरं केलं आणि सह्यांच्या जागांवर फुल्या मारून दिल्या.

बाहेर रणरणतं ऊन होतं. दोघांनी टपरीवर उभ्यानं चहा घेतला. बस आली. बाईंनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि आत चढल्या. या वेळी काच नीट होती.

सर घराकडे पायीच निघाले. थोडं चालल्यावर त्यांना पुढे जाववेना. समोर बटणं, दोरे, चेन विकणारं एक लहानसं दुकान होतं. ते दारात उभे राहिले. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ?"

"काही नको. जरा बसू का?"

दुकानदारानं आतलं स्टूल सावलीत आणून ठेवलं. सर बसले. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून आत जात होती, बटणांचे रंग कापडाला लावून बघत होती. थोड्या वेळानं दुकानदारानं पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "कुणी गेलं का?"

सर पाणी प्यायले. "नाही हो," ते म्हणाले. "बसमध्ये बसवून आलो." आणि मग त्या अनोळखी माणसापुढे, दुपारच्या गर्दीत, पेला दोन्ही हातांत धरून ते रडले. दुकानदारानं पंख्याचं तोंड तेवढं बाहेरच्या बाजूला वळवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं की बटणं दोन भोकांची हवीत की चार.